स्टेअरिंग काढा, ट्रॅक्टर सुरू करा!

दोस्तांनो, ट्रॅक्टर सुरू करायचा म्हणजे किल्ली फिरवायची, हो ना? पण जर्मनीत जुन्या ट्रॅक्टरांची प्रदर्शनं भरतात, तिथे ‘लान्झ बुलडॉग’वाला आधी ब्लोलॅम्प पेटवतो! भर्रर्र करणारी ती ज्योत तो इंजिनाच्या पुढे आलेल्या लोखंडी डोक्यावर धरतो. या डोक्यामुळेच ट्रॅक्टरचं तोंड बुलडॉगसारखं दिसतं, म्हणून हे नाव.

पहिला बुलडॉग १९२१ साली मॅनहाइम शहरातल्या लान्झ कारखान्यात तयार झाला. फ्रिट्झ हुबर हा त्याचा जनक. सिलिंडर एकच, ताकद १२ अश्वशक्ती. स्पार्क प्लग नाहीच! तापलेल्या डोक्यात तेल उडालं की पेट घेतं. तेलाचे नखरेही नाहीत. कच्चं खनिज तेल, इतकंच काय, वापरून झालेलं काळं तेलही चालतं. शेतकऱ्याला आणखी काय हवं?

डोकं तापलं की खरी गंमत. चालक चक्क स्टेअरिंग दांड्यासकट उपसतो, बाजूच्या जड फ्लायव्हीलमध्ये खोचतो आणि पुढे-मागे झोके देतो. धप्प! इंजिन चालू झालं रे झालं की स्टेअरिंग झटकन बाहेर काढायचं. उशीर झाला तर हाताची खैर नाही! (जुन्या स्कूटरची किक उलटी बसली की काय होतं, बाबांना विचारा.)

मग ज्योत नको. आतल्या जाळानंच डोकं तापलेलं राहतं. धप्प... धप्प... धप्प...

आणि मागे कसं जायचं? पहिल्या बुलडॉगला मागचा गिअरच नव्हता. इंजिन अगदी मंद करायचं आणि बंद पडता पडता उलटं फिरवायचं. झालं!