मिठाची भिंत : शोभा सांभाळा, औषध सोडू नका

दिवाणखान्याच्या सजावटीत अलीकडे गुलाबी सैंधवाच्या भिंतीची भर पडली आहे. सैंधवाच्या विटा एकावर एक बसवून मागे दिवे सोडले की भिंत मंद केशरी उजेडाने खुलते. हौसेला मोल नसते. परंतु ‘या भिंतीने हवा शुद्ध होते, दमा बरा होतो’ असे सांगून ती विकली जाते, तेव्हा डॉक्टर या नात्याने चार शब्द सांगणे मला आवश्यक वाटते.

गुलाबी सैंधव प्रामुख्याने पाकिस्तानातील खेवडा येथील खाणीतून निघते. ते बहुतांशी आपले खाण्याचे मीठच असते. गुलाबी रंग येतो तो त्यातील लोहाच्या अंशामुळे. दिव्याच्या उबेने हे मीठ हवा शुद्ध करते, याला शास्त्रीय आधार नाही. दम्यावर तर ते औषध नव्हेच.

मिठाचा खरा शत्रू म्हणजे ओल. हवेतील आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतील पाणी ओढून घेते व पाझरू लागते. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटते, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. भिंतीचेही तेच होते. पोलंडमधील व्येलिच्का येथील मिठाच्या खाणीत मिठातच कोरलेली सुंदर शिल्पे आहेत. दमट हवेने ती झिजू लागल्यामुळे १९८९ साली युनेस्कोने या खाणीची नोंद धोक्यातील जागतिक वारशाच्या यादीत केली. हवेतील ओल काढण्याची व्यवस्था झाल्यावर १९९८ साली ते नाव यादीतून वगळण्यात आले. जी गोष्ट खाणीची, तीच घरातील भिंतीची.

पाझरलेले खारे पाणी मागच्या प्लायवूडमध्ये व गिलाव्यात मुरते. गिलाव्याला लोणा लागतो, खिळे व स्क्रू गंजतात आणि ओलसर लाकडावर बुरशी धरते. बुरशीचे सूक्ष्म कण श्वासातून आत गेले की दमा बळावतो. म्हणजे दम्यासाठी म्हणून घेतलेली भिंत निगा न राखल्यास दमेकऱ्यालाच बाधते.

निगा अशी राखावी. न्हाणीघर किंवा स्वयंपाकघराला लागून ही भिंत नसावी. आठवड्यातून एकदा मऊ, कोरड्या ब्रशने वरून खाली धूळ झाडावी. डाग असल्यास कापड घट्ट पिळून, जेमतेम ओलसर करून पुसावे व लगेच कोरड्या फडक्याने टिपून घ्यावे. पाणी शिंपडणे, साबण, फिनेल हे सर्व वर्ज्य. सफाईपूर्वी दिव्यांचे बटण बंद करावे. पाणी तारांपर्यंत पोहोचल्याची शंका आली, तर इलेक्ट्रिशियनने तपासेपर्यंत दिवे लावू नयेत. पावसाळ्यात खिडक्या बंद ठेवाव्यात. ओल शोषणारे यंत्र किंवा एअर कंडिशनर असल्यास चालवावे. भिंतीला घाम फुटलेला दिसताच कोरड्या कापडाने टिपावा. मागच्या बाजूला कुबट वास येऊ लागला, तर विटा काढून आतली बाजू पाहावी. झाडताना धूळ उडते, म्हणून हे काम दमेकऱ्याने करू नये. करणाऱ्यानेही नाकातोंडाला मास्क लावावा.

लहान मुले व पाळीव कुत्री-मांजरे भिंत चाटणार नाहीत, याकडेही लक्ष असावे. मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लहानग्यांना त्याहूनही कमी लागते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटी सांगतो. थोडे बरे वाटले की पंप बंद करणारे रुग्ण माझ्या नेहमी पाहण्यात येतात. त्यात अशा भिंतीचा भरवसा मिळाला, तर औषध सुटायला वेळ लागत नाही. दम्यात श्वासनलिकांना आतून सूज असते. ती सूज रोजच्या पंपातील औषधाने आटोक्यात राहते. औषध अचानक थांबवले, तर दम्याचा तीव्र झटका येऊ शकतो. रुग्णाला एक वाक्यही सलग बोलता येत नसेल, श्वास घेताना बरगड्यांमधील भाग आत ओढला जात असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर डॉक्टरांनी दिलेला झटक्याचा पंप देत त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे. भिंत जरूर लावा, तिची शोभाही पाहा. पण पंप बंद करायचा की नाही, हे आपल्या डॉक्टरांनाच ठरवू द्या.