दवाखान्याच्या दारावरील फलक

वस्तीतील सार्वजनिक दवाखान्यात पाऊल टाकताच भिंतीवरील सूचनाफलक दृष्टीस पडतो. त्यावर सामान्यतः दोन प्रकारचा मजकूर असतो. एका बाजूस कर्मचाऱ्यांची वार्ता असते : कोणते डॉक्टर कोणत्या वारी बसतात, कोणत्या परिचारिकेची बदली झाली, तिच्या जागी कोण रुजू झाले. दुसऱ्या बाजूस आरोग्यप्रचार असतो : पोलिओचे थेंब कोणत्या रविवारी पाजले जातील, दोन आठवडे खोकला राहिल्यास काय करावे. पहिला मजकूर केवळ कार्यालयीन आणि दुसरा तेवढा उपयोगाचा, अशी वाचणाऱ्याची समजूत होणे स्वाभाविक आहे. परंतु क्षयरोगाची हकीकत पाहिली, म्हणजे ह्या दोहोंचा संबंध किती निकटचा आहे ते ध्यानात येते.

पहाडगंजची वस्ती

नवी दिल्ली रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेस पहाडगंज ही जुनी वस्ती आहे. मेन बाजाराच्या दुतर्फा दुकाने व प्रवाशांसाठी लहानमोठी हॉटेले आहेत. मागे अरुंद गल्ल्या व दाट घरे आहेत. हमाल, स्वयंपाकी, हॉटेलातील नोकर असे कितीतरी लोक परगावाहून येथे येतात आणि एकेका खोलीत अनेकजण मिळून राहतात. क्षयरोगाचे जंतू रुग्णाच्या खोकल्यातून हवेत मिसळतात. जेथे ऊन व वारा कमी, तेथे ते अधिक काळ टिकतात व शेजाऱ्याच्या श्वासावाटे त्याच्या फुप्फुसात शिरतात.

ह्या वस्तीला मोठी रुग्णालये दूर नाहीत. १९१६ साली सुरू झालेले लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालय आणि १९५६ साली उघडलेले कलावती सरन बाल रुग्णालय ही दोन्ही जवळच आहेत. रामकृष्ण मिशनचा आश्रम पहाडगंजातच असून त्याचा क्षयरोग दवाखाना करोल बागेत आहे. तेव्हा अडचण रुग्णालयाच्या अंतराची नसून निराळीच आहे.

एका दिवसाचे काम आणि सहा महिन्यांचे काम

२ ऑक्टोबर १९९४ रोजी दिल्लीत एकाच दिवशी दहा लाखांहून अधिक बालकांना पोलिओचे थेंब पाजण्यात आले. पुढील वर्षी ही मोहीम देशभर सुरू झाली. भारतातील रानटी पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला, आणि २०१४ साली देश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. ह्या मोहिमेत आईला एकच गोष्ट करावयाची होती : ठरलेल्या दिवशी मुलास घेऊन केंद्रावर येणे. अशा कामी दवंडी, भित्तिपत्रक व फलक ही साधने अत्यंत प्रभावी ठरतात.

क्षयरोगाचे तसे नाही. नेहमीच्या क्षयरोगावर पहिले दोन महिने चार औषधे व पुढील चार महिने तीन औषधे घ्यावी लागतात. एकाच औषधाने का भागू नये, ह्याचे उत्तर गणितात आहे. फुप्फुसातील एका पोकळीत दहा कोटी जंतू असू शकतात. त्यांपैकी सुमारे दहा लाखांत एक जंतू आयसोनियाझिडला, तर दहा कोटींत एक रिफॅम्पिसिनला निसर्गतःच दाद देत नाही. एकच औषध दिले, तर हे मूठभर जंतू उरतात व वाढतात. मात्र दोन्ही औषधांना एकाच वेळी दाद न देणारा जंतू इतका विरळ असतो, की तो त्या पोकळीत सापडण्याचा संभव जवळजवळ नसतो.

आता रुग्णाचा विचार करावा. काही आठवड्यांत ताप उतरतो, खोकला कमी होतो, भूक लागते. हॉटेलात काम करणाऱ्या तरुणास वाटते, की आपण बरे झालो. दवाखान्यात गेल्यास अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते, आणि गावी पेरणीचे दिवस असतात. तो औषध सोडतो. सुप्तावस्थेतील जंतू अद्याप मेलेले नसतात. ते पुन्हा वाढतात. औषध कधी घेतले, कधी टाळले, तर त्यांत न जुमानणाऱ्या जंतूंची निवड होत जाते. मग रोग त्याच्या खोलीतील सोबत्यांस लागतो, आणि तो साध्या औषधांना आवरत नाही.

घरच्या घरी उपचार

पूर्वी क्षयरोग्यास आरोग्यधामात ठेवीत. मद्रास येथे १९५६ साली स्थापन झालेल्या संशोधन केंद्राने गरीब वस्तीतील रुग्णांवर तुलनात्मक अभ्यास केला. घरी राहून औषध घेणारा रुग्ण आरोग्यधामातील रुग्णाइतकाच बरा होतो, आणि त्यामुळे कुटुंबीयांचा धोका वाढत नाही, असे १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांतून दिसून आले. मात्र रुग्ण घरी राहिला, की त्याच्यावर लक्ष ठेवण्याचे काम वस्तीतील दवाखान्याकडे येते. १९६२ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात हेच उणे पडले. अनेक रुग्ण उपचार अर्धवट सोडीत. म्हणून १९९३ मध्ये दिल्लीतील गुलाबी बाग व देशातील अन्य काही ठिकाणी नवी पद्धत आजमावण्यात आली : रुग्णाने कर्मचाऱ्याच्या डोळ्यांदेखत गोळ्या घ्यावयाच्या, आणि तो आला नाही तर कर्मचाऱ्याने त्याच्या घरी जावयाचे. २००६ पर्यंत ही पद्धत देशभर पोहोचली.

बदलीची सूचना

येथे फलकाची पहिली बाजू महत्त्वाची ठरते. कोणता रुग्ण कोणत्या गल्लीत, कोणाच्या खोलीत राहतो, रात्रपाळी कधी करतो, हे जाणणारी व्यक्ती म्हणजे दवाखान्यातील आरोग्य कर्मचारी. तिची बदली झाली व नव्या व्यक्तीस ही माहिती मिळाली नाही, तर उपचाराचा धागा तुटतो. २०१२ पासून रुग्णांची नोंद ‘निक्षय’ ह्या संगणकीय नोंदवहीत होते. त्यामुळे गावी जाणाऱ्या रुग्णास तेथील दवाखान्यातून पुढील औषध मिळण्याची सोय झाली आहे. तरीही ‘मी गावी चाललो’ हे रुग्णाने कोणास तरी सांगावे लागते, आणि मनुष्य हे ओळखीच्या माणसालाच सांगतो.

म्हणून दवाखान्याच्या फलकावर नव्या कर्मचाऱ्याचे नाव, त्यांची वेळ व बसण्याची जागा ठळक अक्षरांत लिहिलेली असणे, हाही आरोग्यप्रचारच होय. दोन आठवडे खोकला असलेल्यास थुंकी तपासण्याची सूचना दवाखान्यापर्यंत आणते. सहा महिने तेथे टिकवून धरते ती त्या फलकावरील नावाची ओळख.