जोडवी सैल, गुडघे जड

आज आपण गुडघ्यांविषयी बोलणार आहोत. गुडघा म्हटलं की झिजलेली हाडं आणि म्हातारपण डोळ्यांपुढे येतं. पण काही जणींचे गुडघे पंचविशी-तिशीतच जड होतात. गुडघ्याच्या आतल्या अंगाला मऊ उशीसारखी चरबी साठते, तिथं दाबलं की कळ येते, बाळ मांडीवर घेतलं तरी दुखतं. घरचे म्हणतात, "कमी खा." बाई कमी खाते. गाल बसतात, ब्लाउज ढिला होतो, पाय मात्र आहेत तसेच राहतात. मग ऐकून घ्यावं लागतं, "चोरून खात असशील." गटांच्या बैठकांमध्ये हे वाक्य आम्ही इतक्या जणींकडून ऐकलं आहे, की आजचा सगळा वेळ या एकाच दुखण्याला द्यायचं ठरवलं.

या दुखण्याचं नाव लिपेडिमा. सोप्या भाषेत, चरबीची सूज. हे नाव काल-परवाचं नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या ॲलन आणि हाइन्स या डॉक्टरांनी १९४० सालीच त्याचं वर्णन लिहून ठेवलं. जागतिक आरोग्य संघटनेची रोगांची नवी यादी २०२२ पासून लागू झाली, तिच्यात लिपेडिमाची लठ्ठपणापासून वेगळी नोंद आहे. तरीही आपल्याकडे केसपेपरवर बहुतेक वेळा "वजन जास्त" एवढंच लिहिलं जातं.

हे दुखणं जवळजवळ फक्त बायकांना होतं. नेमकं कारण अजून सापडलेलं नाही, पण अंगातल्या संप्रेरकांशी त्याचा संबंध दिसतो. म्हणून ते पाळी सुरू होताना, बाळंतपणाच्या सुमारास किंवा पाळी जाताना डोकं वर काढतं. घराण्यातही चालत येतं. आई, आजी, आत्या, मावशी यांचे पाय आठवून बघा. "आमच्या घरात सगळ्यांचे पाय असेच" असं आपण सहज म्हणतो, ते डॉक्टरांना मुद्दाम सांगण्यासारखं आहे.

आता ओळखायचं कसं? कुठल्याही रक्ततपासणीत किंवा एक्स-रेमध्ये लिपेडिमा दिसत नाही. डॉक्टरसुद्धा तो विचारपूस करून, डोळ्यांनी आणि हातांनीच ओळखतात. म्हणून आपलं निरीक्षण इथं फार कामाचं. पाय मोकळे करून पलंगावर बसा आणि पहिल्यांदा जोडवी बघा.

लिपेडिमात दोन्ही पाय सारखेच जाड होतात. कंबरेपासून खाली, मांड्या, गुडघे, पोटऱ्या, आणि घोट्यापाशी येऊन हे जाडपण एकदम थांबतं. पाऊल बारीकच राहतं. घोट्याच्या वर जणू मनगटपट्टी चढवल्यासारखी कडा दिसते आणि पैंजण त्या कडेच्या खाली बसतात. जोडवी मात्र लग्नातली होती तशीच बोटात फिरतात. काही जणींचे दंडही जाड होतात, पण हात बारीक राहतात, बांगड्या पूर्वीच्याच मापाच्या चढतात.

जोडवी ज्या बोटात घालतो, त्याच बोटावर डॉक्टर एक तपासणी करतात. अंगठ्याशेजारच्या या बोटाच्या मुळाशी, वरच्या बाजूची कातडी चिमटीत धरून उचलायची. लिपेडिमात ती सहज उचलली जाते. कातडी जाड होऊन चिमटीत येतच नसेल, तर अंगातला लसीका नावाचा पाझर तुंबला असण्याची शक्यता मोठी. हत्तीपायात असंच होतं. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा भागातल्या बायकांना हत्तीपाय सांगायला नको. तो डासांमुळे पसरणाऱ्या जंतांपासून होतो, बहुधा एका पायात जास्त असतो आणि पाऊलही सुजवतो. त्यासाठी सरकारी गोळ्या वाटल्या जातात, त्या जरूर घ्या. पण जोडवी सैल असलेल्या प्रत्येक जाड पायाला हत्तीपाय म्हणू नका. त्या एका शब्दानं मुलींची लग्नं अडतात.

मग नडगीवर अंगठा दहा सेकंद दाबून धरा. अंगठा काढल्यावर खळगा तसाच राहिला तर ती पाण्याची सूज. निव्वळ लिपेडिमात खळगा सहसा पडत नाही, पण दाबताना दुखतं, आणि साधी चरबी अशी दुखत नाही. कातडीखाली हात फिरवला तर आधी साबुदाण्यासारखे, पुढे वाटाण्याएवढे दाणे लागतात. खाटेची कड जराशी लागली तरी निळा डाग पडतो, कुठे लागलं तेही आठवत नाही. इथं एक गोष्ट सांगून ठेवतो. मैत्रिणीच्या अंगावरचे डाग दुखण्याचे नसून मारहाणीचे आहेत असं वाटलं, तर तिला एकटीला गाठून विचारा. महिलांसाठीचा १८१ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

संध्याकाळी पाय शिशासारखे होतात, उन्हाळ्यात जास्त. उशी घेऊन पाय वर ठेवले तर पाण्याची सूज सकाळी उतरलेली असते. लिपेडिमात जडपणा थोडा हलका होतो, पायाचं माप फारसं बदलत नाही.

गुडघ्यापाशी त्रास जास्त का, हेही समजून घेऊ. गुडघ्याच्या आतल्या बाजूला आणि वर ही चरबी साठली की दोन्ही गुडघे एकमेकांवर घासतात. ते घासू नयेत म्हणून बाई नकळत पाय फाकवून चालते. वर्षानुवर्षं असं चालल्यानं गुडघे आत वळतात, सांध्यावर वाकडा भार पडतो आणि वेळेआधी झीज सुरू होते. भातलावणीला वाकणं, खुरपताना उकिडवं बसणं, चुलीपुढे मांडी घालणं अवघड होतं. घड्यांमध्ये घाम साचून चिघळतं, नायटा होतो. म्हणजे लिपेडिमा आणि गुडघ्याची झीज एकाच बाईला असू शकते. झिजलेला सांधा जिना चढताना, उठताना आतून दुखतो. लिपेडिमात वरचं मऊ मांस चिमटलं तरी दुखतं. डॉक्टरांना बोटानं नेमकी जागा दाखवा.

काही सुजा वाट बघत नाहीत. एकच पाय अचानक सुजला, पोटरी गरम लागते, दुखते, किंवा त्यासोबत दम लागतो, तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठा, दम लागत असेल तर १०८ ला फोन करा. पाय लाल, गरम होऊन थंडी-ताप आला तर तो जंतुसंसर्ग, तोही त्याच दिवशी दाखवायचा. आडवं झाल्यावर दम कोंडतो आणि पावलं सुजतात, तर हृदय तपासायला हवं. सकाळी चेहरा सुजतो, लघवीला फेस येतो, तर मूत्रपिंड. गरोदर बाईचे हात-तोंड सुजले, डोकं दुखतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, तर रक्तदाब वाढलेला असू शकतो, तिला एक तासही घरी ठेवू नका. थायरॉइड कमी असला किंवा अंगात रक्त फार कमी असलं तरी पाय सुजतात. म्हणून "मला लिपेडिमाच आहे" असं घरी ठरवून बसायचं नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब, हिमोग्लोबिन, साखर, लघवी आणि सांगतील तर थायरॉइडची तपासणी करून घ्यायची.

आता उपचार. लिपेडिमा मुळापासून घालवणारी गोळी आज जगात कुठेही नाही. पण दुखणं कमी करता येतं, चालणं टिकवता येतं आणि आजार पुढे सरकू नये म्हणून बरंच काही करता येतं.

सर्वांत उपयोगी पडतात ते दाब देणारे मोजे. शिरा फुगल्यावर मिळतात तसेच, पण लिपेडिमासाठी जाड विणीचे चांगले, कारण ते घडीत रुतत नाहीत. माप सकाळी, पाय हलके असताना द्यायचं. सकाळी उठल्या उठल्या चढवायचे, रात्री काढायचे. भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून ओढले तर चटकन चढतात. मधुमेह असेल, पाय थंड पडत असतील किंवा चालताना पोटरीत गोळे येत असतील तर आधी डॉक्टरांकडून पायाचा रक्तपुरवठा तपासून घ्या, कारण तो कमी असताना दाब दिला तर इजा होते. हे मोजे स्वस्त नाहीत. गटाच्या अंतर्गत कर्जातून शेळी घेता येते, तसे मोजेही घेता येतात, असं आमचं मत आहे. फक्त गुडघ्यापुरता घट्ट पट्टा मात्र नको. तो चरबीत गुंडाळी होऊन काचतो आणि त्याखाली पाय जास्त फुगतो.

दुसरं, हालचाल. शेतात दिवसभर राबतो मग व्यायाम कशाला, हा प्रश्न दर वेळी येतो आणि तो खरा आहे. पण खुरपताना उकिडवं बसून पाय दुमडलेलेच राहतात. पोटरीचे स्नायू आखडले-सुटले की पायातला पाझर वर ढकलला जातो, ते काम बसून होत नाही. चालणं, सायकल, उभ्यानं टाचा वर-खाली करणं यानं होतं. गुडघ्यासाठी खुर्चीवर किंवा ओट्यावर बसा, एक पाय सरळ करा, पाच आकडे मोजेपर्यंत धरा, खाली ठेवा. प्रत्येक पायानं दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. मांडीचा पुढचा स्नायू बळकट झाला की गुडघ्यावरचा भार हलका होतो. छातीइतक्या पाण्यात चालणं सर्वांत उत्तम, पाण्याचा दाबच मोज्याचं काम करतो. पण आपल्या गावात बायकांना सुरक्षित पाणी कुठे आहे? विहिरीत, कालव्यात या कामासाठी उतरू नका. शेतात मात्र उकिडवं बसण्याऐवजी लहान पाटावर बसा, अर्ध्या तासानं उठून चार पावलं टाका.

खाण्याबद्दल नीट ऐका. उपाशी राहून लिपेडिमाची चरबी उतरत नाही. उपाशी राहिल्यानं स्नायू झिजतात, रक्त कमी होतं आणि गुडघा आणखी दुबळा होतो. पण वजन वाढलं तर लिपेडिमावर साधी चरबी चढते आणि सांध्यावरचा भार वाढतो, हेही तितकंच खरं. तेव्हा पोटभर जेवायचं. भाकरीबरोबर डाळ, उसळ, पालेभाजी, जमेल तसं अंडं किंवा ताक. कमी करायचं ते चहातल्या साखरेचं आणि फरसाण-बिस्किटांचं प्रमाण.

मालिश हलक्या हातानं, कातडी नुसती सरकेल इतकंच. जोर लावून रगडलं तर डाग पडतात, दुखणं वाढतं. जिल्हा रुग्णालयातल्या फिजिओथेरपिस्टना विचारलं तर ते पद्धत दाखवतील. घड्या रोज धुऊन कोरड्या करा.

पाणी काढायच्या गोळ्या लिपेडिमावर चालत नाहीत, कारण इथं मुळात चरबी आहे. त्या मनानं घेतल्या तर अंगातले क्षार बिघडतात. मेडिकलमधून वेदनाशामक आणून महिनोन्महिने खाल्ल्या तर मूत्रपिंडाला धोका. आणि बाजारच्या दिवशी गुडघ्यासाठी ज्या "जडीबुटीच्या" पुड्या विकतात, तशांमध्ये स्टिरॉइड मिसळलेलं आढळलेलं आहे. चार दिवस जादूसारखा आराम पडतो, पुढे चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात.

नळीनं चरबी ओढून काढायचं ऑपरेशन आहे. जर्मनीत ते बऱ्याच जणींवर झालं आहे आणि अनेकींचं दुखणं कमी झालं आहे. पण ब्रिटनच्या सरकारी तज्ज्ञ संस्थेनं २०२२ मध्ये सांगितलं, की त्याच्या सुरक्षिततेचा पुरावा अपुरा आहे, ते संशोधनाचा भाग म्हणूनच व्हावं. आपल्या शहरांत सौंदर्याच्या जाहिरातींतही तेच दाखवतात. त्यासाठी दागिने मोडण्याआधी मोजे आणि व्यायाम निदान सहा महिने करून बघा, आणि दोन वेगवेगळ्या डॉक्टरांचं मत घ्या.

घरात बारा-तेरा वर्षांची मुलगी असेल आणि आजीसारखे पाय दिसायला लागले असतील, तर तिला खोखो-कबड्डीतून काढू नका. तिच्या ताटातली भाकरी मोजू नका. पाय दुखतात का, एवढं विचारा आणि तिचं उत्तर खरं माना.

शेवटचं काम गटानं एकत्र करायचं आहे. शिवणाची टेप बैठकीला आणा. ज्यांना त्रास आहे त्यांनी घोट्याच्या वर, पोटरीच्या जाड भागावर, गुडघ्यावर आणि गुडघ्याच्या वीतभर वर अशी दोन्ही पायांची मापं महिन्यातून एकदा, सकाळच्या वेळी घेऊन वहीत तारखेसकट लिहायची. शेजारी तीन शब्द लिहायचे: दुखणं कमी, तेवढंच की जास्त. आणि जोडव्यांची नोंद ठेवायची. जुन्या लिपेडिमात पुढे पाझरही तुंबू शकतो, तेव्हा पावलं सुजू लागतात. आजवर सैल असलेली जोडवी बोटात रुतायला लागली, की ती आधी काढून ठेवा आणि वही घेऊन पुढच्या आठवड्याची वाट न बघता डॉक्टरांकडे जा.