पाच टक्क्यांचा नियम नेमका कोणाला?

आजचा विषय ऐकायला रूक्ष आहे: प्रशासकीय खर्च. पण कुठल्याही स्वयंसेवी संस्थेच्या कार्यवाहांना विचारा, वर्षभरात झोप कशामुळे उडते? उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडतं. कार्यक्रमाला पैसे मिळतात, कार्यक्रम चालवणाऱ्या माणसांना मिळत नाहीत.

आधी कायदा बघू. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. ज्या कंपनीचं नक्त मूल्य ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून जास्त आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची. हाच आपला सीएसआर. त्याच्या नियमांत असं म्हटलं आहे की प्रशासकीय खर्च कंपनीच्या त्या वर्षीच्या एकूण सीएसआर खर्चाच्या ५ टक्क्यांहून जास्त नसावा. संस्थेचे लोक प्रस्ताव घेऊन गेले की टेबलापलीकडून ऐकू येतं, "तुमचा ॲडमिन पाच टक्क्यांत बसवा, कायदाच आहे तसा."

कायदा तसा नाही. जानेवारी २०२१ मध्ये नियम दुरुस्त झाले, तेव्हा प्रशासकीय खर्चाची व्याख्याच दिली गेली. कंपनीने स्वतःच्या सीएसआर कामाच्या सर्वसाधारण व्यवस्थापनावर केलेला खर्च, तेवढाच. प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवर थेट झालेला खर्च त्यात धरायचा नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कंपनी व्यवहार मंत्रालयाने प्रश्नोत्तरांचं परिपत्रक काढलं. अंमलबजावणी करणाऱ्या संस्थेचा व्यवस्थापन खर्च या व्याख्येत येत नाही, असं त्यात स्पष्ट केलं आहे. म्हणजे मर्यादा घातली कंपनीच्या कार्यालयाला आणि कात्री लागते संस्थेच्या कार्यालयाला! कंपनीने आपलं वेगळं धोरण ठेवायला हरकत नाही, तो तिचा पैसा आहे. पण मग धोरण म्हणावं, कायद्याच्या नावावर खपवू नये.

पाच टक्क्यांत काय बसतं, ते एकदा मांडून बघू. समजा, तालुक्याच्या गावातली एक संस्था आहे. तीन देणगीदार, प्रत्येकाचा १० लाखांचा प्रकल्प. प्रत्येकाकडून प्रशासनासाठी ५० हजार, म्हणजे वर्षाला दीड लाख. कार्यालयाचं भाडं महिना ८ हजार धरलं तर ९६ हजार झाले. हिशेबनीस महिना १५ हजारांवर मिळाला, तर १ लाख ८० हजार. दोन्ही मिळून २ लाख ७६ हजार. अजून वीजबिल नाही, ऑडिटरची फी नाही, जिल्ह्याच्या फेऱ्या नाहीत, आणि तूट आताच सव्वा लाखावर गेली.

बरं, हिशेबनीस नकोच म्हणावं, तर तेही शक्य नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली दरवर्षी लेखापरीक्षित हिशेब धर्मादाय कार्यालयात द्यायचे. विश्वस्त बदलला की बदल अर्ज. प्राप्तिकर सवलतीची नोंदणी २०२१ पासून कायमची राहिली नाही, ती मुदतीची झाली. देणगीदारांची यादी दरवर्षी ऑनलाइन भरायची. सीएसआरचा पैसा घ्यायचा, तर त्याची नोंदणी आणखी वेगळी. यातलं एकेक कलम आम्हाला गैर वाटत नाही. लोकांच्या पैशाचा हिशेब चोख हवाच. पण तो ठेवणाऱ्या माणसाचा पगार 'अनावश्यक खर्च' कसा ठरतो, हे काही उमजत नाही.

मुळात काम कशाला म्हणायचं, इथेच गोंधळ आहे. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेने नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला. १९९९ मध्ये तो 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. ३९ गावांत नवजात मृत्यूदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाला होता. त्यासाठी मोठं रुग्णालय बांधलं नव्हतं. गावातल्याच बायकांना शिकवलं होतं: बाळाचं वजन करायचं, श्वास मोजायचा, जंतुसंसर्ग ओळखायचा, गरज पडली तर इंजेक्शन द्यायचं. पुढे देशभरातल्या आशा कार्यकर्त्यांकडे हे काम आलं. आता हाच प्रस्ताव आजच्या एखाद्या तक्त्यात भरून बघा. वजनकाटा 'कार्यक्रमा'त जाईल. पण प्रशिक्षण, पर्यवेक्षकाचा प्रवास, नोंदी तपासणाऱ्याचं मानधन? त्याला लाल रेघ. आणि बाळं वाचतात ती या लाल रेघेखालच्या खर्चामुळे.

परदेशी निधीत गाठ आणखी घट्ट झाली. २०२० च्या दुरुस्तीने एफसीआरएखालील प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. रुग्णालयातल्या डॉक्टरांचे आणि शाळेतल्या शिक्षकांचे पगार त्यात धरले जात नाहीत, एवढं बरं. पण त्याच दुरुस्तीने एका संस्थेने मिळालेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवणंही बंद झालं. पूर्वी शहरातली मोठी संस्था निधी आणायची, किचकट कागद सांभाळायची आणि आडगावातल्या छोट्या संस्थेला कामापुरता पैसा द्यायची. ती सोय गेली.

देणगीदारांची भीती खोटी आहे असं आम्ही म्हणत नाही. नावापुरत्या संस्था आहेत, गाडी-बंगल्यावर पैसा उडवणारेही आहेत. पण टक्केवारीची अट अशा लोकांना अडवत नाही. उलट प्रामाणिक संस्थेला खोटं लिहायला शिकवते. हिशेबनीस कागदावर 'प्रकल्प समन्वयक' होतो, भाडं 'प्रशिक्षण केंद्रा'च्या नावावर पडतं. अमेरिकेत २००९ मध्ये अ‍ॅन गॉगिन्स ग्रेगरी आणि डॉन हॉवर्ड यांनी एका लेखात या प्रकाराला उपासमारीचं चक्र म्हटलं. देणाऱ्याची अपेक्षा अवास्तव, म्हणून घेणारा खर्च कमी दाखवतो. ते आकडे बघून देणाऱ्याला वाटतं, एवढ्यात होतंच की! पुढच्या वर्षी अपेक्षा आणखी खाली.

प्रस्ताव घेऊन जाणाऱ्यांनी २०२१ च्या नियमांतली ती व्याख्या छापून सोबत ठेवावी. वाद घालायला नको, नुसती समोर ठेवायची. आणि तुमच्या-आमच्यासारखे हजार-पाच हजार देणारे? पावती फाडताना विचारतात, "देणगी कशासाठी?" आपण मोठ्या मनाने 'कायम निधी' सांगतो. त्याचं मुद्दल गुंतवून ठेवावं लागतं, खर्चाला मिळतं ते व्याज. तिथे 'सर्वसाधारण निधी' असं सांगितलं, की त्या पैशातून हिशेबनिसाचा मार्चचा पगार मार्चमध्येच होऊ शकतो.