आठवण राखणारे फंक्शन

प्रोग्रॅममध्ये ‘ऑब्जेक्ट’ घडवायचे तर ‘क्लास’ हवाच, असे मी बरीच वर्षे मानत होतो. जावास्क्रिप्टमधल्या एका हिशेबाच्या प्रोग्रॅमने तो समज मोडला. खात्यातली शिल्लक उघडी होती. भलत्याच ओळीने ती परस्पर बदलली आणि चूक शोधण्यात माझे दोन दिवस गेले.

मग मी क्लास काढला. एका फंक्शनच्या आत शिल्लक ठेवली आणि ‘भरणा’ व ‘उचल’ ही दोनच फंक्शने बाहेर दिली. बाहेरचे फंक्शन संपले तरी आतली दोन्ही शिल्लक विसरत नाहीत. इतर कुणाचा हात मात्र तिथे पोचत नाही. हेच ‘क्लोजर’. हे नाव पीटर लँडिन यांनी १९६४ मध्ये दिले. १९७५ मध्ये सस्मन आणि स्टील यांनी ‘स्कीम’ भाषा रचली, ती ह्यूइट यांचे निरोप घेणारे ‘अ‍ॅक्टर’ समजून घेण्यासाठी. पाहतात तो अ‍ॅक्टर आणि क्लोजर यांची आतली घडण एकच!

याची किंमतही आहे: प्रत्येक खात्यागणिक फंक्शने नव्याने तयार होतात, क्लासमध्ये ती सामाईक असतात. जावास्क्रिप्टच्या क्लासलाही २०२२ च्या प्रमाणकात खासगी जागा मिळाली. तरी मला उमगले ते असे: ऑब्जेक्ट म्हणजे जपलेली आठवण आणि तिच्याकडे जाणाऱ्या मोजक्या वाटा.