स्केलेटन घड्याळे नेमकी कुणाची?

एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी दिवाणखान्यात काचेच्या घुमटाखाली ठेवलेले स्केलेटन घड्याळ आपले पोट उघडे टाकून बसलेले असते. पितळी पाट्या करवतीने कोरून नुसती नक्षीदार चौकट उरलेली, तबकडीच्या जागी आकड्यांचे कडे आणि मागे फिरणारे प्रत्येक चाक डोळ्यांसमोर. कुणी चौकटीला यॉर्क मिन्स्टरचे मनोरे देई, कुणी लिचफील्ड कॅथीड्रलची शिखरे. एवढे सगळे दिसते, पण घडवणाऱ्याचे नाव सहसा दिसत नाही. पुढे कोरलेले नाव बहुधा विकणाऱ्या दुकानदाराचे असते. म्हणून या घड्याळांचा इतिहास नावांवर विसंबून न लिहिता घडणीवरून लिहायला हवा.

लंडनच्या क्लर्कनवेलमधले जॉन स्मिथ अँड सन्स, बर्मिंगहॅमजवळच्या हँड्सवर्थचे इव्हान्स, डर्बीशरमधल्या ॲशबोर्नचे हेकॉक हे कारखानदार इतर दुकानदारांना घड्याळे पुरवत. १८४५मध्ये काचेवरचा कर उठला, घुमट स्वस्त झाले आणि मागणीला जोर आला. त्यामुळे एकाच घडणीची चौकट वेगवेगळ्या गावांतल्या दुकानदारांच्या नावाने सापडते. दुकानदाराचे नाव म्हणजे हमी, बिघडले तर तोच जबाबदार, असे कुणी म्हणेल. ते खरेच आहे आणि त्यात फसवणूक मुळीच नाही. पण हमी देणे वेगळे, घडवणे वेगळे.

दुसरा आक्षेप असा, की कारखान्यातल्या मालात कारागिरी कसली? त्याला उत्तर म्हणून आतली फ्यूजी पाहावी. पूर्ण चावी दिलेली स्प्रिंग जोरात ओढते, सैल होता होता तिचा जोर ओसरतो आणि घड्याळाची चाल बिघडू शकते. म्हणून फ्यूजीच्या शंकूवर मळसूत्री खाच पाडून तीत साखळी गुंडाळतात. स्प्रिंग जोरात असताना साखळी शंकूच्या निमुळत्या टोकाला ओढते, जोर ओसरल्यावर रुंद बुडाला. चाकांना मिळणारी शक्ती जवळपास सारखीच राहते. तेव्हा हॅम्पशरमध्ये असलेल्या क्राइस्टचर्च गावात अशा साखळ्यांच्या बारीक कड्या बायका आणि मुली हाताने जोडत. या कष्टांना कारखान्याचा माल म्हणून हलके लेखणे मला पटत नाही. संग्रहालयांनी या घड्याळांखाली विक्रेता आणि घडवणारा अशी दोन नावे वेगळी लिहावीत, आणि घडवणारा ठाऊक नसेल तर ती जागा दुकानदाराच्या नावाने भरू नये.