मृग चार दिवसांवर

पहाटे 5.30
रात्री काठोकाठ भरलेली टाकी हाताने ठोकली तर पोकळ वाजली. चार बिऱ्हाडं एका रात्रीत एवढं पाणी पीत नाहीत. पुन्हा मोटर लावली. एक हॉर्सपॉवरची मोटर तासाला पाऊण युनिट खाते, म्हणून स्वयंपाकघरात असले तरी कान तिकडेच असतो.

7.00
वही घेऊन सबमीटर वाचले. केशोरीत किरायानं राहतात ते बहुतेक नोकरीपायी आलेले. मास्तर 140, सिस्टर 31, बाकी दोघं 78 आणि 92. पाचवी खोली मागच्या बदलीपासून रिकामी. मोटर 71! मागच्या महिन्यात ती 40 होती. एकूण 412.

8.30
ड्यूटीवर निघालेल्या सिस्टर ओट्याशी थांबल्या. "काकू, माझ्याकडे एकच पंखा चालते जी. मास्तरांच्या कूलरचा दर मला कायले?"
बरोबर होतं त्यांचं. महावितरणचा घरगुती दर पायऱ्यांचा: पहिले 100 युनिट स्वस्त, 101 ते 300 महाग, त्याच्या वर आणखी महाग. वेगळी मीटरं असती तर तिघं पहिल्याच पायरीवर राहिले असते. मीटर माझ्या नावाचं एकच, म्हणून सगळे मिळून 300 च्या वर चढतात. आणि मी आजवर बिलाला युनिटांनी भागून सरसकट दर लावत होते. हिशेब सोपा होता, न्याय नव्हता. या महिन्यापासून ज्याचे 100 च्या आत, त्याला पहिलाच दर. मास्तरांना वरच्या 40 ला दुसरा. उरलेली तूट माझी.

10.00
कवेलू फेरणारे बाबा आले. हे काम करणारे आता मोजकेच उरलेत, त्यांच्या तारखेला आपण हजर राहायचं. वानरांनी दुसऱ्या खोलीवर धुमाकूळ घातला होता. बाबा एकेक कवेलू उचलून बोटाने वाजवतात. खणखणीत ते परत बसतं, भसकं ते खाली. दुपारपर्यंत अंगणात तुकड्यांचा ढीग झाला. "टिनं टाका ना बाई, दरसालची कटकट जाईल," बाबाच म्हणाले. स्वतःच्याच पोटावर पाय!
टिनं मी टाकून पाहिलीत, मास्तरांच्या खोलीवर. फेरणी वाचली. पण मे महिन्यात ती खोली भट्टी होते आणि कूलर रात्रभर घरघरतो. म्हणजे त्यांच्या 140 मध्ये माझ्या टिनांचाही वाटा आहे. छपराचा खर्च मी वाचवला, तो त्यांच्या विजेत निघाला. त्यांच्या किरायातून दोन महिने काही कमी करायचं ठरवलं. घरात अजून सांगितलेलं नाही.

3.00
ग्रामपंचायतीत घरपट्टी भरली. सप्टेंबरच्या आत भरली की 5 टक्के सूट मिळते. पैसा हाती असेल तेव्हाच देऊन टाकलेला बरा.

5.00
पाणी सापडलं. रिकाम्या खोलीच्या संडासातला नळ बोटभर धारेनं वाहत होता. कोणी राहत नाही, म्हणून कोणाला दिसलं नाही. किराया शून्य, आणि सगळ्यांत खर्चिक खोली तीच. नळ बदलला.

8.00
चार खोल्यांचे 1800 प्रमाणे 7200. त्यातले 2160 डब्यात. घरभाड्यावर आयकराच्या हिशेबात सरसकट 30 टक्के वजावट मिळते, दुरुस्ती करा की नका करू. आमचं उत्पन्न करापर्यंत पोचत नाही, पण तो आकडा मी उचलला. आज डब्यातूनच बाबांची मजुरी, कवेलू, नळ गेले. विजेची तूट मात्र घरखर्चातून.

8.40
बदलीवर येणाऱ्या एका गुरुजींचा फोन.
"खोली टिनाची तर नाही ना जी?"
"नाही, कवेलूची आहे."
"गळते का?"
बाबांचं तिथवरचं फेरणं उद्या होणार होतं.
"परवा सांगते," म्हटलं.